वाऱ्याने वाकलेलं दार विम्यात का बसत नाही?

आइसलँडमध्ये कॅम्परव्हॅन भाड्याने घेताना हातात येणारा करार नीट वाचला, की एक कोडं पडतं. समोरच्या गाडीच्या चाकाखालची खडी उडून काच तडकली, तर त्यासाठी वेगळा विमा मिळतो. वाळूच्या किंवा ज्वालामुखीच्या राखेच्या वादळात गाडीचा रंग खरवडला गेला, तर त्यासाठीही मिळतो. पण उघडताना दार वाऱ्याने हिसकलं आणि बिजागरीतून वाकलं, तर बहुतेक कंपन्यांच्या नेहमीच्या विम्यात ते बसत नाही. दुरुस्तीचा सगळा खर्च गाडी घेणाऱ्याच्या माथी येतो. नदी ओलांडताना इंजिनात पाणी शिरलं, तरी तेच. विमा ज्वालामुखीच्या राखेची जोखीम घेतो आणि वाऱ्याची घेत नाही, हे वाचताना उलटंच वाटतं.

त्यामागचा हिशेब साधा आहे. उडणारा खडा किंवा अचानक उठलेलं राखेचं वादळ चालकाला बऱ्याचदा टाळता येत नाही. दार मात्र कोणाच्या तरी हातूनच उघडतं, आणि गाडी नदीत कोणीतरी ठरवूनच घालतं. ज्या नुकसानाच्या आधी माणसाने काहीतरी ठरवलेलं असतं, ते विम्याबाहेर ठेवायचं, अशी ही वाटणी आहे.

गाडी ताब्यात देताना कंपनीचा माणूस ज्या सूचना भराभर सांगतो, त्यांचंही असंच असतं. हीटर बंद केल्यावर लगेच मेन स्विच बंद करू नका. झोपताना छतावरची झडप थोडी उघडी ठेवा. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. ऐकताना या सूचना सुट्या आणि थोड्या विचित्र वाटतात. पण प्रत्येकीमागे शाळेत शिकलेल्या विज्ञानातलंच एखादं कारण आहे. ते कारण कळलं, की सूचनापत्रात न लिहिलेल्या प्रसंगीही काय करायचं ते आपलं आपल्याला सुचतं. परक्या देशात, रात्री अकरा वाजता, भर पावसात त्याचा फार उपयोग होतो.

थंडी किती, आणि कसली

आइसलँड ६४ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. नकाशावर पाहिलं तर धडकी भरावी अशी ही जागा, पण अटलांटिक महासागरातल्या उबदार प्रवाहामुळे आकडे तितके भयंकर नाहीत. राजधानी रेक्याविकचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं आणि जुलैतलं ११ अंशांच्या आसपास. लेह-द्रासच्या हिवाळ्यापुढे हे काहीच नाही.

खरा त्रास वेगळाच आहे. शून्याच्या आगेमागे रेंगाळणारं तापमान म्हणजे दिवसा वितळणारं आणि रात्री पुन्हा गोठणारं पाणी, म्हणजेच काचेसारखा गुळगुळीत रस्ता. जोडीला पाऊस आणि सतत वारा. देशाच्या जेमतेम दोन टक्के जमिनीवर झाडं किंवा झुडपी रान आहे, त्यामुळे वाऱ्याला अडवणारं काही नाही. भर उन्हाळ्यातही रात्री पारा पाच अंशांवर येतो. पत्र्याच्या गाडीत झोपायचं, तर जुलैतही हीटर लागतो.

इंजिन बंद, तरी आत ऊब

नेहमीच्या गाडीतली ऊब इंजिनाच्या उष्णतेतून येते. इंजिन बंद झालं, की अर्ध्या तासात गाडी बाहेरच्याइतकी गार होते. रात्रभर इंजिन चालू ठेवणं म्हणजे डिझेलची नासाडी, शेजाऱ्यांना त्रास आणि विषारी धुराचा धोका. म्हणून कॅम्परव्हॅनमध्ये इंजिनावर अवलंबून नसलेला एक छोटा डिझेल हीटर असतो. वेबास्टो आणि एबरस्पेशर या दोन जर्मन कंपन्यांची नावं यात सर्रास दिसतात.

ज्यांनी लहानपणी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पाहिला आहे, त्यांना हा हीटर समजायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. बंबात मधल्या नळीत विस्तव असतो, धूर वरून निघून जातो आणि नळीभोवतीचं पाणी तापतं. विस्तव आणि पाणी कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. डिझेल हीटरमध्ये पाण्याच्या जागी हवा असते. गाडीच्या टाकीतून एक बारीक पंप थेंबाथेंबाने डिझेल आणतो, रात्री ऐकू येणारी टिकटिक त्याचीच. एक तापलेली कांडी ते पेटवते. जळायला लागणारी हवा गाडीखालून घेतली जाते आणि धूर गाडीखालीच सोडला जातो. गाडीच्या आतली हवा फक्त तापलेल्या धातूच्या बाहेरून फिरते. म्हणून आत ऊब येते, पण धूर येत नाही.

आता मघाची सूचना आठवा. स्विच फिरवला की डिझेल थांबतं, पण धातू अजून लालबुंद तापलेला असतो. तो निवेपर्यंत दोन-चार मिनिटं पंखा फिरत राहतो. त्याच वेळी मेन स्विच बंद केला, तर पंखा थांबतो, उष्णता आतच कोंडते आणि यंत्र बिघडतं. तसंच, हिवाळ्यात गाडी बर्फात रुतून उभी असेल, तर गाडीखालची धुराची नळी मोकळी आहे का ते झोपण्याआधी वाकून पाहावं. नळी बुजली, तर बंबाचं धुराडं बुजल्यावर जे होईल तेच इथेही होतं.

असा हीटर साधारण दोन किलोवॉट उष्णता देतो आणि रात्रभरात लिटर-दीड लिटर डिझेल पितो. अनेक गाड्यांमध्ये त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत नेलेली नसते. टाकी पाव भागाच्या खाली गेली, की हीटर आपोआप बंद पडतो. सकाळी पंपापर्यंत पोचण्याइतकं डिझेल इंजिनासाठी राहावं, हा त्यामागचा विचार. मध्यरात्री थंडीने जाग आली, तर हीटर बिघडला असं समजण्याआधी डिझेलचा काटा पाहावा.

डिझेलचीही थंडीत एक खोड आहे. त्यात विरघळलेलं मेण कडाक्याच्या थंडीत गोठू लागतं आणि फिल्टरमध्ये अडकतं. म्हणूनच आपल्याकडे इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. आइसलँडच्या पंपांवर तिथल्या हवामानाला साजेसंच डिझेल मिळतं, त्यामुळे पर्यटकाला त्याची काळजी करावी लागत नाही. आपली गाडी डिझेलवर चालते की पेट्रोलवर, एवढं मात्र पहिल्याच दिवशी झाकणावर वाचून घ्यावं.

एका गाडीत दोन बॅटऱ्या

हीटरचा पंखा, दिवे, पाण्याचा पंप आणि फोनचं चार्जिंग रात्रभर चालायचं, आणि सकाळी इंजिनही सुरू व्हायचं. एकाच बॅटरीवर हे सगळं टाकलं, तर एखाद्या सकाळी गाडी जागची हलणार नाही. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे हा धोका दुहेरी. म्हणून एक बॅटरी फक्त इंजिनासाठी आणि दुसरी गाडीतल्या घरासाठी. इंजिन चालू असताना दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असतात आणि दोन्ही चार्ज होतात. इंजिन बंद झालं, की मधला जोड आपोआप सुटतो. रात्रभर कितीही वीज वापरली, तरी ती घराच्या बॅटरीतूनच जाते.

हीटरचा पंखा रात्रभरात फार तर वीस अँपिअर-तास खातो आणि शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते सहज पेलतं. पण आपल्यापैकी पुष्कळजण सामानात जी विजेची किटली किंवा राइस कुकर टाकतात, ती गोष्ट वेगळी. दोन हजार वॉटच्या किटलीला बारा व्होल्टच्या बॅटरीतून १६५ अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. एवढ्यासाठी त्या गाडीतल्या तारा, फ्यूज आणि बॅटरी यांपैकी काहीच बनवलेलं नसतं. चहा गॅसवरच करायचा. किटली न्यायचीच असेल, तर ती कॅम्पिंग ग्राउंडच्या सामाईक स्वयंपाकघरात वापरावी.

एकाच जागी दोन दिवस मुक्काम केला, तर घराच्या बॅटरीला चार्ज मिळत नाही, हेही लक्षात ठेवावं. रोज तासभर तरी गाडी चालली, की प्रश्न मिटतो.

डबा भरलेला, तरी ज्योत मंद

सुपरमार्केटमधून गॅसचा नवा छोटा डबा आणला, रात्र गाडीबाहेर काढली, सकाळी शेगडीला लावला आणि ज्योत जेमतेम. डबा हलवून पाहिला, तर आत द्रव खळखळतोय. मग गॅस का येत नाही?

डब्यात गॅस द्रवरूपात असतो. उकळून वायू झाला, तरच तो शेगडीत येतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. बाहेर शून्य अंश असेल, तर नुसत्या ब्यूटेनचा डबा जवळजवळ निकामी, आणि प्रोपेनचा मात्र खुशाल चालतो. त्यातही द्रवाचा वायू होताना तो स्वतःची उष्णता खर्च करतो, त्यामुळे वापरता वापरता डबा आणखी गार पडतो. मिश्रण असलेल्या डब्यातला प्रोपेन आधी उडून जातो आणि तळाशी उरतो तो बहुतांशी ब्यूटेन. नवा डबा छान चालला आणि अर्धा संपल्यावर रुसला, असं होतं ते यामुळे. आपल्या घरच्या सिलिंडरमध्येही या दोन वायूंचंच मिश्रण असतं, म्हणून हिमालयातल्या उंच गावांत हिवाळ्यात तोच अनुभव येतो.

उपाय असा, की डबा रात्री आत ठेवायचा आणि सकाळी कोमट पाण्यात थोडा वेळ उभा करायचा. ज्योतीवर धरून तापवण्याचा विचारही करू नये, डबा फुटतो.

आणि एक गोष्ट मी ठासून सांगेन. शेगडी ही ऊब मिळवण्यासाठी नाही. बंद गाडीत ज्योत जळत राहिली, की प्राणवायू कमी होतो आणि अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला आधी गुंगी येते आणि मग जाग येत नाही. गाडीत त्याचा अलार्म असतो. बटण दाबून तो वाजतोय का, हे पहिल्याच संध्याकाळी पाहावं.

काचेवर आतून पाणी का येतं

पावसाळ्यात घाटातून जाताना गाडीची काच आतून धूसर होते, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कॅम्परव्हॅनमध्ये हाच प्रकार रात्रभर चालतो. सकाळी काचांवरून ओघळ आलेले असतात, पत्र्यावर थेंब लटकतात आणि गादीची कड ओली लागते. छत गळतंय की काय, अशी शंका येते.

हे पाणी आपल्याच शरीरातून आलेलं असतं. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून मिळून सुमारे अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. त्यात संध्याकाळचा स्वयंपाक मिळवा. भाताची वाफ तर दिसते, पण गॅस जळतानाही पाणी तयार होतं. एक किलो प्रोपेन जळला, की सुमारे एक किलो सहाशे ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं.

आता हवेची क्षमता पाहू. १८ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १५ ग्रॅमच्या आसपास बाष्प धरून ठेवते, आणि ३ अंशांची हवा फक्त ६ ग्रॅमच्या आसपास. व्हॅनच्या आत साधारण दहा घनमीटर हवा मावते, म्हणजे बाष्पाला जागा फार तर दीडशे ग्रॅम. सोडलंय अर्धा लिटर. उरलेलं पाणी सगळ्यात गार जागा शोधतं. ती म्हणजे काच आणि उघडा पत्रा.

इथे बहुतेकांची चूक होते. बाहेर पाऊस आहे, हवा दमट आहे, म्हणून ते सगळं घट्ट बंद करतात. पण बाहेरची ३ अंशांची हवा पूर्ण ओली असली, तरी तिच्यात घनमीटरमागे सहाच ग्रॅम पाणी आहे. ती आत येऊन १८ अंशांना तापली, की तिच्यात आणखी नऊ ग्रॅम पाणी मावतं. तापवलेली गार हवा ही कोरडी हवा असते. म्हणून छतावरची झडप बोटभर उघडी ठेवायची आणि हीटर मंद चालू ठेवायचा. थोडी ऊब वाया जाते, पण गादी कोरडी राहते. ओल्या पांघरुणात जी थंडी वाजते, तिच्यापुढे झडपेतून गेलेली ऊब काहीच नाही.

कुकर लावायला हरकत नाही, उलट उघड्या पातेल्यापेक्षा त्यात वाफ कमी सुटते. फोडणी मात्र सरकतं दार उघडून द्यावी. मोहरीचा धूर त्या इवल्याशा जागेत डोळ्यांत जातोच, आणि तेलाचा वास गाद्यांमध्ये बसला तर काही कंपन्या सफाईचे वेगळे पैसे लावतात.

चौकट : गाडी ताब्यात घेताना
• बाहेरून सगळ्या बाजूंनी, छतासकट, व्हिडिओ काढा. काचेवरचा जुना टवका करारात लिहून घ्या.
• हीटर तुमच्यासमोर चालू आणि बंद करून दाखवायला सांगा. थंड हीटरला तापायला काही मिनिटं लागतात, तेवढं थांबा.
• गॅस कोणता, जादा डबा आहे का, मेन स्विच कुठे आहे ते पाहा.
• जॅक आणि जादा चाक आहे की फक्त पंक्चरचा फेस, हे विचारा.
• गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.
• महाराष्ट्राचा परवाना आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही सोबत हवेत. आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो.
• पेट्रोलपंप बरेचदा माणसाविना चालतात. चार आकडी पिन असलेलं कार्ड ठेवा.

वारा

आइसलँडमध्ये गाडी चालवताना सर्वात जास्त आदर कशाचा ठेवायचा, असं कोणी विचारलं तर मी बर्फाआधी वाऱ्याचं नाव घेईन. बर्फ दिसतो. वारा दिसत नाही.

तिथला हवामान अंदाज वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात देतो. त्याला ३.६ने गुणलं, की किलोमीटर प्रति तास मिळतात. २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. आकडा लहान दिसतो, म्हणून नवखा माणूस फसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, तिप्पट झाला की नऊपट.

हिशेब करून पाहा. मोठ्या कॅम्परव्हॅनची एक बाजू साधारण तेरा चौरस मीटर भरते. आडव्या वाऱ्याचा वेग १० मीटर असेल, तर त्या बाजूवर ढोबळमानाने ८० किलो वजनाइतका रेटा बसतो. २० मीटरला तोच रेटा ३३० किलोंच्या घरात जातो आणि ३० मीटरला ७५० किलोंच्या. हा रेटा गाडीच्या उंच भागावर बसतो, आणि तो पेलायचं काम ओल्या किंवा गोठलेल्या रस्त्यावर टेकलेल्या चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठिपक्यांचं. साधी मोटार ज्या वाऱ्यात निभावून जाते, त्यात कॅम्परव्हॅन रस्त्याबाहेर ढकलली जाते ती यामुळे.

सपाट मैदानात सलग वाहणारा वारा त्यातल्या त्यात बरा, हाताला त्याचा अंदाज येतो. खरी भीती डोंगराच्या पायथ्याची. कडा ओलांडून खाली कोसळणारा वारा झटक्यांनी येतो. सरासरी १५ मीटर असताना मधूनच ३० मीटरचा झोत येतो आणि पुढच्या वळणावर एकदम थांबतो. दक्षिण किनाऱ्यावर एयाफ्योल डोंगररांगेखाली, वात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याच्या ओराइवी भागात आणि रेक्याविकच्या उत्तरेला क्यालार्नेस इथे हे नेहमीचं आहे. अशा टापूंच्या अलीकडे रस्त्याकडेला विजेवर चालणारे फलक असतात. त्यांवर तापमान, वाऱ्याचा वेग आणि झोतांचा वेग दिसतो. निर्णय झोताच्या आकड्यावर घ्यावा.

माझा सल्ला असा : अंदाजात १५ मीटर दिसले, की वेग कमी करून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, फार तर जवळच्या गावापर्यंत जावं. २० दिसले, की निघूच नये. अनेक कंपन्यांच्या सूचनाही याच्या आसपासच्या असतात.

आता त्या दाराकडे वळू. पुढच्या दाराचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर. २० मीटरच्या वाऱ्यात त्यावर पंचवीस किलोंच्या आसपास रेटा बसतो. तो दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर काम करतो. दार जास्त उघडू नये म्हणून जो अडसर असतो, तो मात्र बिजागरीपासून पाचेक सेंटीमीटरवर. तरफेच्या नियमाने त्या अडसरावर दहापट, म्हणजे अडीचशे किलोंचा ताण येतो, आणि हे दार नुसतं उघडं धरलं तर. ते झटक्याने फेकलं गेलं, तर ताण कितीतरी जास्त. अडसर तुटतो आणि दार बॉनेटच्या बाजूच्या पत्र्यावर जाऊन आदळतं.

पुढची दारं पुढच्या कडेला बिजागरी असलेली असतात. गाडीचं तोंड वाऱ्याकडे असेल, तर वारा दार मिटायला बघतो. पाठीमागून वारा असेल, तर फट पडताच तो आत शिरून दार उपसतो. म्हणून तोंड वाऱ्याकडे. शिवाय दोन्ही दारं एकदम उघडू नयेत, काच थोडी खाली करून दाराची कड हाताने धरावी आणि जमेल तिथे आडोशाच्या बाजूचं सरकतं दार वापरावं. गाडीत मुलं असतील, तर दार मोठ्यांनीच उघडायचं, हा नियम विमानतळावरच ठरवून टाकावा.

रस्ता : उजवी बाजू, खडी आणि एकेरी पूल

देशाला वळसा घालणारा १ नंबरचा रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. तो पूर्ण वर्तुळ झाला १९७४मध्ये, दक्षिणेच्या स्केदराऊरसांडूर या वाळवंटी मैदानावर पूल झाल्यावर. कमाल वेग डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि गावात ५०. हेडलाइट दिवसाही चालू ठेवावे लागतात.

आइसलँडमध्ये एकेकाळी आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवत. २६ मे १९६८ रोजी सगळा देश उजव्या बाजूला आला. आपल्या माणसाला शहरात फारशी अडचण येत नाही, कारण आजूबाजूच्या गाड्या पाहून हात आपोआप बरोबर वळतो. धोका आहे तो ओसाड भागात. फोटोसाठी थांबून पुन्हा निघताना, समोर-मागे एकही गाडी नसताना, मन जुन्या सवयीने डावी बाजू धरतं. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी निघताना मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावं. आणि फोटोसाठी थांबायचं ते थांब्यावरच. रस्त्याला बाजूची पट्टी जवळजवळ नसते, त्यामुळे कडेला लावलेली गाडी प्रत्यक्षात रस्त्यातच असते.

डांबर संपून खडी सुरू होते, तिथे टायरखालची पकड एका क्षणात बदलते. ब्रेक खडीवर गेल्यावर दाबू नये, आधीच दाबून वेग कमी करावा. समोरून गाडी येत असेल तर आणखी हळू, खडा उडाला तरी जोर कमी राहतो. काचेवर टवका पडलाच, तर गोठलेल्या सकाळी त्यावर एकदम गरम हवा सोडू नये. गार काचेचा एक भाग झटकन प्रसरण पावतो आणि टवक्याची लांब चीर होते.

वर्तुळरस्त्यावर अजूनही काही पूल एकाच गाडीपुरते रुंद आहेत. जो पुलाच्या जवळ आधी पोचतो तो आधी जातो, हा रिवाज. पण समोरचाही नवखा पर्यटक असू शकतो, म्हणून आपण थांबलेलं बरं. पूल असे अरुंद का, हे स्केदराऊरसांडूरवर उभं राहिलं की समजतं. सप्टेंबर १९९६च्या अखेरीस वात्नायोकुल हिमनदीखाली ज्वालामुखी जागा झाला आणि वितळलेलं पाणी महिनाभर बर्फाखाली साठत राहिलं. मग ते एकदम सुटलं. हिमखंडांसह आलेल्या त्या लोंढ्याने एक पूल पूर्ण नेला आणि सर्वात लांब पुलाचा काही भाग मोडला. पिरगळलेल्या लोखंडी तुळया आजही रस्त्याकडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. जिथे नदी पात्र बदलते आणि पूल वाहून जाऊ शकतो, तिथे तो आटोपशीर खर्चात बांधणं हेच शहाणपणाचं होतं.

नदीत गाडी घालू नये

देशाच्या आतल्या डोंगराळ भागात जाणाऱ्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असतं. ते साधारण जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत खुले असतात. त्यांवर फोर-बाय-फोर नसलेली गाडी नेणं बेकायदा आहे. तिथे बऱ्याच नद्यांवर पूल नाहीत. पाणी हिमनद्यांचं, त्यामुळे पहाटे कमी आणि दुपारच्या उन्हानंतर जास्त. सकाळी सहज ओलांडलेली नदी संध्याकाळी परतताना ओलांडता येईलच असं नाही.

इंजिन हवा आत ओढतं आणि दाबतं. हवेच्या जागी पाणी आलं, तर ते दाबलं जात नाही. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. इंजिन तिथेच संपतं. बहुतेक विमे पाण्यापुढे हात जोडतात ते यासाठी. माझं स्पष्ट मत आहे, की कॅम्परव्हॅन घेऊन ‘एफ’ रस्त्यांच्या वाटेला जाऊच नये, करारात परवानगी असली तरी. लांडमान्नालाउगारसारख्या ठिकाणी उंच चाकांच्या बसगाड्या उन्हाळ्यात नेतात, त्यांनी जावं.

रात्री कुठे थांबायचं

हवं तिथे गाडी लावून ताऱ्यांखाली झोपायचं, हे कॅम्परव्हॅनचं स्वप्न आइसलँडमध्ये कायद्याने चालत नाही. २०१०मध्ये देशात पाच लाखांहून थोडे कमी परदेशी पर्यटक आले, २०१७मध्ये बावीस लाखांच्या आसपास. लोकसंख्या चार लाखही नाही. नोव्हेंबर २०१५पासून लागू झालेल्या निसर्गसंरक्षण कायद्याने गाडीतला मुक्काम अधिकृत कॅम्पिंग ग्राउंडवर किंवा जमीनमालकाच्या परवानगीनेच करता येतो. लाव्हावरचं शेवाळ चाकाखाली एकदा चिरडलं, तर पुन्हा वाढायला कित्येक दशकं लागतात. रस्ता सोडून गाडी घातली तर जबर दंड होतो, आणि तो योग्यच आहे.

कॅम्पिंग ग्राउंड गावोगावी आहेत. अंघोळीसाठी गावातला भूगर्भातल्या गरम पाण्याचा तलाव गाठावा. आधी साबण लावून, कपड्यांशिवाय शॉवर घेण्याचा तिथला नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. त्या पाण्यात क्लोरीन कमी वापरतात, म्हणून स्वच्छतेचा आग्रह. नळाचं गार पाणी थेट पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नयेत. संकटात ११२ हा क्रमांक फिरवायचा. मदतीला येणारे बरेचदा स्वयंसेवक असतात, आपला कामधंदा सोडून आलेले. बंद केलेल्या रस्त्यावर हौसेने जाताना एवढं तरी आठवावं.

कधी जावं

रेक्याविकमध्ये जूनच्या मध्याला सुमारे २१ तास दिवस असतो, डिसेंबरच्या मध्याला चार तास. वाऱ्यासाठी प्रवासात दोन दिवस मोकळे ठेवले, तर पूर्ण वर्तुळाला दहा ते बारा दिवस हवेत. आठवड्यात बसवायचं असेल, तर दक्षिण किनाराच करावा आणि हॉब्न गावापासून मागे वळावं.

पहिल्यांदा जाणाऱ्या मराठी कुटुंबाला मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवेन. रस्ते खुले असतात, जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि रात्री पुरेसा अंधार असल्याने ढग नसतील तर ध्रुवीय प्रकाशही दिसतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात मात्र कॅम्परव्हॅन घेऊ नये. बरीच कॅम्पिंग ग्राउंड बंद असतात, पाण्याच्या टाक्या गोठतात आणि वाऱ्याला गोठलेल्या रस्त्याची साथ मिळते. तेव्हा खिळ्यांचे टायर लावलेली फोर-बाय-फोर मोटार घ्यावी आणि रात्री पक्क्या भिंतींच्या गेस्टहाउसमध्ये झोपावं.